होकाराची घाई

मला चटकन ‘हो’ म्हणायची सवय आहे. लोकांना ती आवडते; ‘याच्याकडे गेलं की काम होतं’ असं नावही तिच्यामुळे मिळालं. पण मी हो म्हणतो तेव्हा मनात नेमकं काय चाललेलं असतं? काम करायचा निश्चय असतो का? क्वचित. बहुतेक वेळा एवढंच असतं की समोरच्यानं आता जावं आणि मला माझ्या कामाकडे वळू द्यावं. ‘बघतो’, ‘करतो’, ‘संध्याकाळपर्यंत पाठवतो’. या शब्दांनी समोरच्याचं समाधान होतं आणि माझी सुटका होते. यातली सुटकाच मला आधी हवी असते, हे मान्य करायला फार वर्षं गेली.

ते कबूल करायला लावलं मीच लिहिलेल्या एका प्रोग्रॅमनं. माणसाशी बोलताना सारवासारव करता येते. आवाज मऊ करता येतो, ‘अहो, गडबडीत राहून गेलं’ म्हणता येतं. प्रोग्रॅममधली ओळ लिहिली तिथंच राहते. ‘ओके’ कुठल्या ओळीनंतर पाठवलं, हे कुणीही उघडून वाचू शकतो. मीही वाचलं, पण बऱ्याच उशिरा.

मी बावधनला राहतो. बावधन बुद्रुक मुळशी तालुक्यातलं; २०२१ च्या जूनअखेरीस इतर २२ गावांबरोबर पुणे महापालिकेत आलं. आमच्या सोसायटीत खालच्या टाकीत पाणी साठतं आणि मोटर ते वरच्या टाकीत चढवते. कधी चढवायचं, किती वेळ, हे सगळं वॉचमनकाकांच्या लक्षावर चालायचं. ते यंत्रावर सोपवावं असं ठरलं, पंपरूममध्ये तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवला आणि त्याचं सॉफ्टवेअर लिहायचं मी पत्करलं. तिथंही हो चटकनच म्हटलं होतं.

त्या कॉम्प्युटरवर चार प्रोग्रॅम वेगवेगळे चालतात. एक टाकीतली पातळी मोजतो. दुसरा रिलेला हुकूम देऊन मोटर सुरू-बंद करतो. तिसरा वॉचमनच्या केबिनमधल्या स्क्रीनवर स्थिती दाखवतो, आणि तिथलं बटण दाबलं की मोटर सुरू करायची मागणी पाठवतो. चौथा सेक्रेटरींच्या फोनवर संदेश धाडतो. हे चौघे एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मध्ये एक सर्व्हर बसलेला असतो. प्रत्येक जण त्याच्याशी जोडणी करतो, निरोप देतो, निरोप घेतो. एकाच यंत्रातले प्रोग्रॅम असे बोलावेत म्हणून युनिक्समध्ये सॉकेटची सोय आहे. १९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडीबरोबर ती पद्धत आली आणि आजही तिचा क्रम तोच आहे: सॉकेट तयार करायचं, बाइंड करून त्याला पत्ता द्यायचा, लिसन म्हणून रांग उघडायची, आणि मग अ‍ॅक्सेप्ट करत एकेकाला आत घ्यायचं. हा क्रम मला पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी लिहीन. कदाचित म्हणूनच त्यातल्या कुठल्याही पायरीवर मी थांबत नव्हतो.

उदाहरणार्थ, लिसनला एक आकडा द्यावा लागतो: आत घेण्याआधी किती जणांना रांगेत उभं करायचं. जुन्या पुस्तकांत तिथं ५ असे, कारण बर्कलीच्या त्या पहिल्या काळात कमाल मर्यादाच तेवढी होती. लिनक्सनं स्वतःची मर्यादा १२८ ठेवली होती, ती ५.४ या आवृत्तीत ४०९६ केली. मी आयुष्यभर ५ लिहीत आलो. का, हा प्रश्न कधी पडला नाही. बाहेर किती जणांना उभं राहता येईल हे ठरवणारा आकडा मी न वाचता उतरवत होतो.

तसंच पत्त्याचं. या सॉकेटचा पत्ता म्हणजे डिस्कवरची एक फाइल. सर्व्हर मध्येच मेला तर ती मागे उरते, आणि पुन्हा सुरू करताना ‘पत्ता वापरात आहे’ असं उत्तर येतं. मग आम्ही काय करतो? बाइंडच्या आधी ती फाइल उडवून टाकतो. जिथं तिथं हेच केलेलं दिसेल. पण ती फाइल मेलेल्या सर्व्हरची आहे की आत कुणी जिवंत काम करतंय? जोडणी करून पाहिलं तर क्षणात कळतं. मी पाहत नव्हतो. पाहायला चार ओळी जास्त लागतात, आणि जागा मला हवी होती.

अजून एक. या जोडणीतून येतो तो बाइटांचा प्रवाह असतो. निरोप कुठं संपला याची खूण त्यात आपोआप येत नाही. एकदा वाचलं की अर्धा निरोप हाती येऊ शकतो, किंवा दीड. म्हणून आधी लांबी पाठवायची आणि तेवढं हाती येईपर्यंत वाचत राहायचं, हा नियम. माझ्या टेबलावर चाचणी घेताना निरोप छोटे होते, दर वेळी पूर्ण आले. म्हणून मी एकदाच वाचून उत्तर द्यायला लागलो. घरी बायको म्हणते, ‘माझं बोलणं पूर्ण तरी होऊ दे.’ यावर मी काय लिहू?

या सगळ्याला मी घाई म्हणू शकतो, आणि घाईला जगात क्षमा असते. पुढची गोष्ट मात्र घाईच्या नावावर खपत नाही.

केबिनमधलं बटण दाबलं की सर्व्हरला निरोप येतो: मोटर सुरू कर. सर्व्हर तो वाचतो, रिलेच्या प्रोग्रॅमकडे पुढे पाठवतो आणि स्क्रीनला ‘ओके’ कळवतो. स्क्रीनवर हिरवा ठिपका लागतो, खाली अक्षरं येतात: मोटर चालू. माझ्या पहिल्या आवृत्तीत ‘ओके’ची ओळ निरोप वाचल्याबरोबर होती. रिलेकडे पाठवायच्याही आधी. त्यामुळे ठिपका डोळ्याचं पातं लवायच्या आत लागायचा. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी बटण दाबून दाखवलं, ठिपका लागला, सगळ्यांनी वा म्हटलं. मला बरं वाटलं.

त्या वेळी मला माहीत होतं का, की त्या ठिपक्याला मोटरचं काहीही माहीत नाही? होय, माहीत होतं. हेच मला अवघड जातं. अजाणता झालं असतं तर शिकलो म्हणून पुढे जाता आलं असतं. पण ओळींचा क्रम मीच लावला होता, आणि तो लावताना वेगाचं कौतुक डोळ्यांसमोर होतं.

काकांना सॉकेट माहीत नाही. ते मात्र बटण दाबून झालं की उठायचे, पंपरूमपर्यंत चालत जायचे आणि वर जाणाऱ्या पाइपला तळहात लावून उभे राहायचे. मी एकदा म्हटलं, ‘काका, स्क्रीनवर चालू दिसतंय की. कशाला जाताय?’

‘दिसतंय खरं, साहेब. पण पाइप अजून थरथरत नाही.’

मला राग आला. उघड बोललो नाही, पण मनात आलं की मी एवढं करून दिलं आणि यांचा विश्वास नाही. तो राग काही दिवस टिकला. मग एका सकाळी मीही त्यांच्या शेजारी उभा राहिलो. केबिनमध्ये ठिपका लागून गेलेला होता. पॅनेलमध्ये रिले टकटकला, मग कॉन्टॅक्टर खाली बसल्याचा जाड आवाज आला, मोटर घरघरली, आणि त्यानंतर काही क्षणांनी पाइप हाताखाली थरथरला आणि हळूहळू गार पडला. ठिपका आणि गारवा यांच्यामध्ये एवढं सगळं घडायचं होतं, आणि त्यातलं काहीही बिघडू शकत होतं. काका शेवटच्या गोष्टीची खात्री करत होते. मी पहिल्या गोष्टीच्याही आधी हो म्हणून मोकळा झालो होतो.

आणि हे फक्त माझ्या सर्व्हरचं नाही, म्हणून मी आणखी खोल गेलो. अ‍ॅक्सेप्टच्या आधीच काय होतं ते पाहा. क्लायंट जोडणी मागतो तेव्हा त्याला ‘जोडलं गेलं’ असं उत्तर मिळतं ते कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून. माझ्या प्रोग्रॅमनं त्याला अजून आत घेतलेलंही नसतं. तो रांगेत असतो, मी कदाचित दुसऱ्याच कामात असतो. तो निरोप लिहितो, लिहिणं यशस्वी होतं. यशस्वी म्हणजे काय? बाइट कर्नलच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पडले. मी ते वाचायच्या आत मेलो तर निरोप गेला, आणि पाठवणाऱ्याच्या हातात ‘यशस्वी’ तेवढं उरलं.

मग यंत्रणाच खोटं बोलते असं म्हणायचं का? तसं म्हणणं मला सोयीचं आहे, म्हणूनच मी जरा थांबलो. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांचा १९८४ मध्ये छापलेला निबंध आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. त्यात एमआयटीमधली एक हकिकत आहे. तिथं अनेक जाळी गेटवेंनी जोडलेली होती आणि प्रत्येक टप्प्यावर पाकिटाची तपासणी व्हायची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी मानलं की मग सगळं नीटच पोचत असणार. पण एका गेटवेमध्ये आतल्या आत नक्कल करताना दोन शेजारच्या बाइटांची अधूनमधून अदलाबदल व्हायची, साधारण दहा लाख बाइटांत एकदा. टप्प्याटप्प्यावरच्या तपासण्या उत्तीर्ण होत राहिल्या आणि एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ फाइली बिघडत गेल्या. शेवटी लोकांना जुन्या छापील प्रती घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहावी लागली. निबंधाचं म्हणणं असं की काम खरोखर झालं की नाही, हे दोन टोकांनाच पूर्ण कळू शकतं. मधल्यांची पावती त्यांच्या टप्प्यापुरती. कर्नलनं मला कधीच सांगितलं नव्हतं की मोटर चालू झाली. त्यानं सांगितलं होतं की बाइट घेतले. त्या पावतीवर मोटरचं नाव लिहिणारा मी होतो.

मागे एका कार्यालयात अर्ज द्यायला गेलो होतो. टेबलामागच्या बाईंनी दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. मी विचारलं, काम कधी होईल? त्या म्हणाल्या, ‘ते मला नाही सांगता येणार. अर्ज मिळाला, एवढंच मी लिहून देते.’ तेव्हा मी चिडून बाहेर पडलो होतो. आज वाटतं, त्या शिक्क्यात माझ्या हिरव्या ठिपक्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणा होता. जेवढं झालं होतं तेवढंच त्यानं म्हटलं.

बावधनला लागून पाषाण आहे. तिथं पंचवटीत सीडॅकचं आवार आहे, आणि तिथून जाताना आजकाल मला परम ८००० या महासंगणकाची आठवण होते. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक स्थापन झालं, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. तो आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचा विषय. पण त्याच्या पोटात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते, आणि ते एकमेकांशी कसे बोलायचे हे फार थोडे सांगतात. प्रत्येक चिपला चार दुवे. दुव्यावरून एक बाइट पाठवला की पलीकडून दोन बिटांची पोच यायची, आणि त्या पोचेचा अर्थ ठरलेला होता: घेणारी प्रोसेस हा बाइट घेऊ शकली, आणि दुवा पुढच्यासाठी मोकळा आहे. घेणारं कुणी तयार नसेल तर पोच नाही. तोवर पाठवणारा थांबून राही. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९७८ मध्ये मांडलेली ही कल्पना: देणारा आणि घेणारा एका क्षणी भेटतात, मध्ये कुणी साठवून ठेवत नाही. हे कळलं तेव्हा वाटलं, खरा होकार हाच. माझ्या घरापासून एवढ्या जवळ त्याचा धडा होता, आणि मी बफरवर विसंबून होतो.

मग मीही सर्व्हर तसाच बदलला. पाणी खरोखर चढेपर्यंत ‘ओके’ नाही. आणि लगेच दुसरी अडचण समोर आली. माझा सर्व्हर एका वेळी एकाचंच ऐकायचा. तो मोटरची वाट पाहत थांबला की पातळी मोजणाऱ्याचा निरोप रांगेत पडायचा. तो निरोप ‘वरची टाकी भरली’ असाही असू शकतो. एकाशी खरं वागण्यासाठी मी दुसऱ्याला, आणि जास्त निकडीच्या माणसाला, दाराबाहेर ठेवत होतो. होअर यांच्या पद्धतीतही हे दुखणं आहेच: दोघे एकमेकांना काही द्यायला उभे राहिले आणि दोघांपैकी कुणीच घ्यायला तयार नसला, तर दोघे कायमचे थांबतात. तेव्हा ‘पूर्ण होईपर्यंत काही बोलणार नाही’ हा बाणाही निर्मळ नसतो. मी तोही वापरला आहे. ‘झालं की सांगेन’ म्हणून माणसांना आठवडे ताटकळत ठेवलं आहे, आणि त्याला कामातली निष्ठा म्हटलं आहे.

आता जे केलं आहे ते साधं आहे. प्रत्येक मागणीला क्रमांक मिळतो. निरोप पूर्ण वाचला की सर्व्हर ‘मिळालं’ एवढंच म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. मोटरचा विद्युतप्रवाह दिसला आणि नंतर वरची पातळी वाढू लागली, की त्याच क्रमांकावर ‘झालं’ जातं. नुसत्या प्रवाहावर भरवसा ठेवत नाही, कारण पाइपात हवा अडकली तर मोटर फिरते आणि पाणी चढत नाही. ठरलेल्या वेळात पातळी हलली नाही, तर ‘जमलं नाही’ जातं, कारणासह. स्क्रीनवर हिरव्याच्या आधी आता पिवळा ठिपका लागतो. कमिटीतल्या एकांनी विचारलं, आधी लगेच हिरवा व्हायचा, आता एवढा वेळ का? मी सांगितलं, आधीचा हिरवा खरा नव्हता. हे वाक्य बोलायला मला जड गेलं, आणि त्यावर कुणी वा म्हटलं नाही.

काका अजूनही पाइपला हात लावतात. सेन्सर बिघडू शकतो, असं ते म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

राहिला नकार. तो मला होकाराहून कठीण जातो. रांग भरली की लिनक्सवर नेटवर्कवरून, म्हणजे टीसीपीनं, ऐकणारा सर्व्हर नव्या जोडणीचं पहिलं पाकीट बहुधा गपचूप टाकून देतो. ‘जागा नाही’ असं कळवत नाही. क्लायंट थोडं थांबून पुन्हा विचारतो, मग पुन्हा, आणि हळूहळू थांबण्याचं अंतर वाढत जातं. शेवटी बऱ्याच वेळानं तो हात टेकतो. यामागे हेतू चांगला आहे. तेवढ्यात रांग मोकळी होईल ही आशा. पण बंद दरवाज्यावर जाऊन ताबडतोब ‘इथं कुणी नाही’ हे उत्तर मिळालेला क्लायंट त्याच क्षणी दुसरी वाट धरू शकतो. भरलेल्या रांगेबाहेरचा हा क्लायंट मात्र थांबून राहतो.

ऑफिसातल्या एका तरुण सहकारी मुलीनं मला तिचं काम वाचून सूचना द्यायला सांगितलं होतं. मी अर्थातच हो म्हटलं. तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘सर, वेळ मिळाला का?’ मग काही दिवसांनी. मग आणखी मोठ्या अंतरानं. मग विचारणं थांबलं. मला त्या काळात वेळ नव्हता हे पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. तेव्हाच नाही म्हटलं असतं तर तिनं संध्याकाळच्या आत दुसरं कुणी शोधलं असतं. माझ्या होकारानं तिचं काम तर झालं नाहीच, पण दुसरीकडे जायची तिची वाटही अडली. मी भला दिसत राहिलो, आणि त्या दिसण्याची किंमत तिनं मोजली.

मग आता पटापट नाही म्हणत सुटायचं का? तसं करून पाहिल्यावर दिसलं की नकारातही सुटका लपू शकते, आणि ती प्रामाणिकपणाचा सदरा घालून येते. ‘मिळालं’ या शब्दामागेही मी लपू शकतो. पोच देऊन विसरणं हे पोच न देण्यापेक्षा वाईट. सर्व्हरमध्ये यावर मी एक उपाय ठेवला आहे: ‘मिळालं’ म्हटलेला प्रत्येक क्रमांक एका यादीत राहतो, आणि ‘झालं’ किंवा ‘जमलं नाही’ गेल्याशिवाय यादीतून निघत नाही. सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तरी आधी ती यादी वाचतो. माणसांसाठी मी अशी यादी ठेवायला सुरुवात केली आहे. ती लांब आहे, आणि तिच्यातली काही नावं बघून मान खाली जाते. त्या मुलीला मी तिच्या कामाबद्दल लिहिलं, आणि उशीर का झाला त्याचं खरं कारणही लिहिलं. तिनं आभार मानले आणि कळवलं की ते काम केव्हाच संपलं.

तुम्ही असा सर्व्हर लिहीत असाल, तर आज एकदा तो उघडा आणि ‘ओके’ पाठवणारी ओळ शोधा. तिच्या वर काम झालेलं आहे की नुसतं वाचून झालेलं आहे, ते पाहा. नुसतं वाचून झालं असेल, तर उत्तराचं नाव बदला आणि खरं ‘झालं’ कुठून येणार ते लिहून काढा.